काचेपलीकडची पूर्णी

मित्रांनो, आता मला जुना म्हणतात आणि ते खरंच आहे. मी एक संगणक आहे. माझा पडदा पुढून चौकोनी आणि मागून टोपलीसारखा फुगलेला आहे. असे पडदे आता भंगारवालासुद्धा नाक मुरडून घेतो. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझं सगळं आयुष्य गेलं.

मला शंभू नावाच्या तरुणाने आपल्या छोट्या गाळ्यात जोडलं. पडदा कोरियाचा, कीबोर्ड चीनचा, पोटातली चिप मलेशियाची. तेव्हा पुण्यात घराघरातून कोणी ना कोणी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं आणि हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या. माझे भाग कुठून कुठून समुद्र ओलांडून आले; त्यांना वाटेत कुणी अडवलं नाही. मला यात काही विशेष वाटलं नाही. माणसांचं असं नसतं, हे मला पुढे कळलं.

मला विकत घेतलं वासंतीमावशींनी. सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात त्या पेशंटांची नावं लिहून घेण्याचं काम करायच्या. लग्न केलेलं नव्हतं. बोलणं तुटक.

"गेम टाकून देऊ का, काकू?" शंभूने विचारलं.

"या वयात मला खेळायचं नाहीये. अमेरिकेतली बहीण दिसली पाहिजे. तेवढं करा."

शंभूने माझ्या डोक्यावर एक गोल कॅमेरा बसवला. त्या दिवसापासून मला डोळा मिळाला, आणि दुःखही.

मावशींच्या धाकट्या बहिणीचं नाव प्रेमला. तिचे यजमान सूरज म्हणजे मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या सोनबांचा मुलगा. सूरज कॉम्प्युटर शिकला आणि एका एजंट कंपनीमार्फत अमेरिकेला गेला. सोनबांच्या सोबतचे सगळे हमाल त्याला हार घालायला विमानतळावर गेले होते. पुढे तिकडच्या कंपन्या धडाधड बंद पडल्या. सूरजची नोकरी गेली, एजंट गायब झाला, आणि नोकरीबरोबर त्या देशात राहायची परवानगीही संपली. 'अर्ज केलाय, थांबा,' असं वकील सांगत राहिला. कागदांशिवाय तिथे राहिलेला माणूस एकदा देशाबाहेर पडला, की दहा वर्षं परत पाऊल ठेवू द्यायचं नाही, असा तिकडचा नियम. शिवाय हार घालून गेलेला मुलगा रिकामा कसा परतणार? नवराबायको लपतछपत राहिली. तो एका गोदामात खोकी उचलू लागला, ती एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासू लागली.

त्यांची मोठी मुलगी शेफाली तिथेच जन्मली होती. ती चार वर्षांची असताना गोदामावर धाड पडली. सूरज त्या दिवशी थोडक्यात वाचला. पण आपल्याला पकडलं तर पोरीचं काय, या भीतीने त्या दोघांची झोप उडाली. शेवटी पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर त्यांनी शेफालीला मावशींकडे पाठवलं. "थोडे दिवस, हं. कागद झाले की लगेच आणू तुला," असं आई तिला म्हणाली होती.

जन्मामुळे शेफाली अमेरिकन होती. म्हणून पुण्यात राहायला तिला सरकारची परवानगी घ्यावी लागे. आईबापांना तिथे राहता येत नव्हतं आणि मुलीला इथे. मावशी सुस्कारा टाकून म्हणायच्या, "सगळं घरच उलटं घातलंय देवाने."

दर रविवारी सकाळी मला सुरू केलं जाई. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असे. शेफाली पडद्याला नाक लावून बसायची.

"अगं, जरा मागे सर. नुसतं कपाळ दिसतंय तुझं," प्रेमला हसत म्हणायची.

वर्षभराने प्रेमलाच्या मांडीवर एक बाळ दिसू लागलं. ती पूर्णिमा, घरातली पूर्णी. रविवारी रविवारी शेफालीने तिला मोठं होताना पाहिलं. पूर्णी रांगायला लागली, बोबडं बोलायला लागली. आईच्या गळ्यात हात टाकून ती माझ्या पडद्यात डोकवायची. शेफाली गप्प होत गेली. एकदा तिने विचारलं, "आई, ती रोज तुझ्या मांडीवर बसते?"

प्रेमलाने पूर्णीला मांडीवरून खाली ठेवलं. "या दिवाळीला नक्की येते हं, राणी," ती म्हणाली.

ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. मग शेफालीने पडद्याकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. "तिला सांग, मला अभ्यास आहे," ती मावशींना म्हणायची. पलीकडून पूर्णी काचेवर तळवा आपटत राहायची, "ताई! ए ताई!" शेफालीचे खांदे हलायचे, पण ती मान वळवायची नाही. मित्रांनो, ती रुसली होती हे सगळ्यांना दिसत होतं. तिचे डोळे मात्र समोरच्या भिंतीवरच्या आरशातून पडद्याकडे लागलेले असत. ते फक्त मला दिसायचं.

शेफाली आठ वर्षांची झाली त्या वर्षी, एका सकाळी, रविवार नसताना पलीकडून हाक आली. प्रेमलाचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, ह्यांना धरलं."

"धरलं म्हणजे?"

"गाडीचा मागचा दिवा फुटला होता. पोलिसांनी थांबवून लायसन मागितलं. आम्हाला कुठलं लायसन मिळतंय? तिथून तुरुंगात नेलं. त्यांचा दम्याचा पंप घरीच राहिलाय. मी नेऊन देते."

तिच्या मागे शेजारीण उभी होती. रोसा तिचं नाव. ती मेक्सिकोहून आलेली, तिच्याकडेही कागद नव्हते. दोघी एकाच स्वयंपाकघरात काम करायच्या. रोसा जोरजोराने मान हलवत होती. "नो, प्रेमा. नो गो."

"ती बाई काय सांगतेय ते ऐक," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाच्या हाती पाठव."

"दुसरं आहे कोण? आमच्या ओळखीत कागदवाला माणूसच नाही गं. आणि त्यांचा श्वास कोंडला तर?"

"प्रेमला, तुला शपथ आहे माझी."

"तासाभरात येते, ताई. पूर्णीला रोसाकडे ठेवते."

ती परत आली नाही. पंप घेऊन तुरुंगाच्या दारात गेलेल्या बाईला त्यांनी विचारलं, तुझे कागद कुठे आहेत?

पुढच्या रविवारी मी सुरू झालो तेव्हा पडद्यावर रोसा होती. तिच्या कडेवर पूर्णी, आणि मागे रोसाची दोन मुलं. प्रेमलाचा संगणक रोसाने आपल्या खोलीत आणला होता, पण तो उघडायचा कसा हे तिला येत नव्हतं. ताई दिसण्यासाठी कुठे दाबायचं, ते तीन वर्षांच्या पूर्णीने दाखवलं.

रोसाला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. मावशींना तिचे उच्चार उमगेनात. पाठ करून बसलेली, इंग्रजी शाळेत शिकणारी शेफाली हळूच वळली.

"मावशी, ती म्हणतेय, आईला पोलिसांनी ठेवून घेतलंय. आणि पूर्णी सारखी 'शी, शी' म्हणून रडते."

इंग्रजीत 'शी' म्हणजे 'ती'. पूर्णी आईलाच मागतेय असं समजून रोसा तिला पुन्हा पुन्हा प्रेमलाचा फोटो दाखवत होती. फोटो पाहून पोर जास्तच रडत होती. कपडे मात्र खराब होत होते.

"टॉयलेट! शी मीन्स टॉयलेट!" शेफाली ओरडली.

रोसाने कपाळावर हात मारला. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. शेफालीने खुर्ची पुढे ओढली. किती दिवसांनी ती माझ्यासमोर बसली होती! "पूर्णी, ए पूर्णुली, मी आहे ना. बोल, काय पाहिजे?" मग तिने रोसाला शब्द शिकवले. पाणी म्हणजे काय, भात म्हणजे काय, 'माऊ' म्हणजे ते फाटकं कापडी मांजर, ते दिल्याशिवाय ही झोपत नाही. रोसा एकेक शब्द घोळून म्हणत होती.

इतक्यात तिच्या दारावर कुणी तरी थाप मारली. कोणी काही न सांगता रोसाची दोन्ही मुलं टेबलाखाली गेली. त्यांनी पूर्णीलाही ओढून घेतलं. मोठ्या मुलीने एक हात स्वतःच्या तोंडावर आणि दुसरा पूर्णीच्या तोंडावर दाबून धरला. पडद्यावर फक्त रिकामी खुर्ची उरली. इकडे मावशींनीही श्वास रोखला होता. दारात पाणीवाला होता. मुलं बाहेर आली, पण मोठीचा हात बराच वेळ तोंडावरून निघाला नाही.

त्यानंतर शेफाली रोज शाळेत जाण्याआधी मला सुरू करू लागली. पूर्णी तिच्याकडे बघत जेवायची. तिकडे तुरुंगात प्रेमलाने रोसाचा पत्ता कोणालाच सांगितला नाही. सांगितला असता तर रोसाही पकडली गेली असती आणि तिघंही पोरकी झाली असती.

मग तो दिवस आला. पडदा उजळला तेव्हा पूर्णी रोसाच्या खांद्यावर लोंबत होती. डोळे अर्धवट उघडे, ओठ कोरडे. तीन दिवस ताप उतरत नव्हता. रोसा घाबरून एकच गोष्ट विचारत होती. शेफालीने ती मराठीत सांगितली, "मावशी, ती विचारतेय, हॉस्पिटलमध्ये नेऊ का? तिथे विचारतील, तू कोण. हिच्याकडे कागद नाहीत. ते पूर्णीला घेऊन जातील. सरकारी लोक. परत देतील की नाही, माहीत नाही."

मावशी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या. दवाखान्यात त्यांनी पुष्कळ आजारी मुलं पाहिली होती. "तिला म्हणावं, पूर्णीला हाक मार. बघते का डोळे उघडून?"

रोसाने हाक मारली. शेफालीने मारली. पूर्णीची मान नुसती कलंडली.

मावशींनी डोळे मिटले. "ने म्हणावं," त्या म्हणाल्या. "आधी पोर जगली पाहिजे. सांग तिला."

"मावशी, पण मग आई आल्यावर..."

"सांग, शेफाली!"

शेफालीने काचेवर हात ठेवला. मग ती इंग्रजीत म्हणाली, "टेक हर." रोसाने पूर्णीला शालीत गुंडाळलं, कॅमेऱ्याकडे बघून छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती गेली. मागे पलंगावर कापडी माऊ तेवढं राहिलं होतं.

पूर्णी वाचली. हॉस्पिटलने विचारायचं ते विचारलं आणि तिला बालकल्याण खात्याच्या सरकारी बाईंच्या ताब्यात दिलं. रोसा आपली मुलं घेऊन रातोरात कुठे तरी निघून गेली. ती कुठे गेली, ते आजपर्यंत कळलं नाही. त्यानंतर शेफाली मला सुरू करायची, हाक द्यायची, आणि पलीकडून कोणी उत्तर द्यायचं नाही. माझ्या काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसायचा. एकदा ती त्या चेहऱ्याला म्हणाली, "मीच दिली तिला."

आधी सूरजला परत पाठवलं. दारात उभा राहिलेला वाळका माणूस पाहून शेफाली मागे सरकली. गेली चार वर्षं तिने वडिलांना फक्त पडद्यात, छातीपर्यंत पाहिलेलं होतं. "बाबा, तुम्ही एवढे उंच आहात?" तिने विचारलं. तिच्या उंचीला यायला सूरज दाराच्या चौकटीशीच खाली बसला.

नंतर काही आठवड्यांनी प्रेमला आली. चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, "पूर्णी कुठंय? काही कळलं?"

शेफाली पुढे झाली. "आई, मीच रोसाआंटीला सांगितलं. 'ने' म्हणून."

प्रेमला दोन पावलं पुढे आली. तिचा हात वर आला. तो मारायला होता की जवळ घ्यायला, तिचं तिलाही कळलं नसेल. मावशी मध्ये उभ्या राहिल्या. "सांगितलं मी. ती नुसती बोलली. भांडायचं तर माझ्याशी भांड."

"तुझ्याशी काय भांडू, ताई?" प्रेमला भिंतीला टेकली. "मी गेले नसते तर... तासाभराचं म्हणाले होते गं मी."

त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

पूर्णीला एका अमेरिकन जोडप्याच्या घरी ठेवलं होतं. कित्येक महिन्यांच्या खटपटीनंतर सरकारी बाईंनी आठवड्यातून एकदा भेटीला परवानगी दिली. भेट म्हणजे माझ्यासमोर. प्रेमलाने केस विंचरले, कुंकू लावलं, आणि माझ्यासमोर बसली. पडद्यावर पूर्णी आली, गुबगुबीत, केस कापलेले. तिच्यामागे एक सोनेरी केसांच्या बाई होत्या. कॅरल त्यांचं नाव. चांगल्या बाई होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"पूर्णी! बाळा, आईला ओळखलंस?"

पूर्णीने मागे वळून कॅरलकडे पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली?" प्रेमलाने विचारलं.

शेफाली कीबोर्डवरची धूळ पुसू लागली.

"शेफाली, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, ही बाई कोणत्या भाषेत बोलते?"

त्यानंतर प्रत्येक भेटीत शेफाली मधे बसायची. आईचं मराठी इंग्रजीत, बहिणीचं इंग्रजी मराठीत. कधी कधी ती बदल करून सांगायची. पूर्णी म्हणायची, "झालं का? मला खेळायला जायचंय." शेफाली सांगायची, "म्हणतेय, आई छान दिसते." प्रेमला हसायची. मी मधे होतो, मला दोन्ही ऐकू यायचं.

तिकडच्या कोर्टात प्रश्न होता की पूर्णी कोणाची. कॅरलबाईंना तिला दत्तक घ्यायचं होतं. आईबापांना हजर राहायला व्हिसा मिळेना. दहा वर्षांचा नियम आडवा. सूरज मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला लागला होता. तो दिवसभराच्या कामानंतर फोनवर न्यायाधीशांना सांगायचा, "सर, आम्ही तिला टाकलं नाही." पलीकडून कोणी तरी म्हणायचं, लाईन खराब आहे, पुन्हा बोला. तो पुन्हा बोलायचा. प्रेमला त्याच्या सदऱ्याचं टोक धरून उभी असायची.

शेवटी न्यायाधीशांनी मुलगी आईबापांना द्यायचा हुकूम केला. पूर्णी आली तेव्हा पाच वर्षांची झाली होती. मुंबईच्या विमानतळावर एका अधिकारी बाईंनी तिला प्रेमलाच्या हाती दिलं. पुण्यापर्यंत ती गाडीत ओरडत आली होती, घरात शिरली तेव्हा आवाज बसला होता. शेफालीला पाहून जरा थांबली. मग तिची नजर माझ्यावर पडली. ती धावत आली आणि माझ्यामागे वाकून बघू लागली. तारा बाजूला केल्या, भिंत चाचपली. काच ओलांडून आपण इथे आलो, तेव्हा आपलं घर काचेमागेच असणार, असं तिला वाटलं असावं.

ती प्रेमलाच्या हातचं खाईना. झोपायची ती शेफालीचा फ्रॉक मुठीत धरून. एकदा दोघी मुलींच्या राहण्याच्या परवानगीची चौकशी करायला पोलीस आला. साधा म्हातारा हवालदार. "घाबरू नका, वहिनी, सही घेतो आणि जातो," तो म्हणाला. पूर्णी तोवर माझ्या टेबलाखाली गेली होती. तिने तोंडावर हात दाबून धरला होता. तिच्या अंगाचा थरकाप टेबलातून माझ्या पडद्यापर्यंत पोचत होता. हवालदार खाली वाकला, त्याने पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. सही न घेताच तो म्हणाला, "नंतर येतो."

प्रेमलाने सगळं करून पाहिलं. गोष्टी सांगितल्या, गोड शिरा केला, बाहुली आणली. एका रविवारी पूर्णी माझ्यासमोर येऊन बसली आणि काचेवर हळूहळू बोट वाजवू लागली. "मॉमी," ती म्हणत होती. "मॉमी, कम आउट."

प्रेमला दारातून बघत होती. सूरज म्हणाला, "बंद करून टाक तो कॉम्प्युटर. माळ्यावर ठेवू. विसरेल हळूहळू."

"विसरेल," प्रेमला म्हणाली. "मला विसरली तशी. अहो, किती वेळा विसरायला लावायचं तिला?"

ती पूर्णीशेजारी जमिनीवर बसली. जवळ गेली नाही, हात लावला नाही. "शेफाली, लाव गं," ती म्हणाली. "कॅरलबाईंना लाव. बोलू दे तिला."

पडद्यावर कॅरल आल्या. दोघींना रडू आवरेना, काचेच्या या बाजूलाही आणि त्या बाजूलाही. प्रेमला तोंडात पदर कोंबून बसून राहिली. बोलणं संपलं तेव्हा पूर्णी दमली होती. डोळे पुसायला काही मिळेना म्हणून तिने जवळचं कापड ओढलं. तो प्रेमलाचा पदर होता. पूर्णीने वर पाहिलं. तिने तो सोडला नाही, आणि ती जवळही गेली नाही.

मित्रांनो, आता माझा पडदा अंधुक झाला आहे. नवीन, चपटा संगणक घ्यायचं घरात चाललं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यासारख्यांना जोडणारा शंभू गल्लोगल्ली भेटतो. सैल झालेली तार तो खोचतो आणि सगळं पूर्ववत होतं. मुलांचं तसं होत नाही. तुमच्या वर्गात एखादी मुलगी दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या देशाहून आली असेल, तिला तुमची भाषा येत नसेल, दारावरची बेल वाजली की ती दचकत असेल, तर तिला हसू नका. ती कुठली, असं विचारू नका. तिच्या शेजारी बसा. आणि तुम्ही मोठे व्हाल, कोणी कुठे राहायचं याचे नियम करायला बसाल, तेव्हा लिहिण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा. तिथे कोणी तरी तोंडावर हात दाबून बसलेलं असेल.